खड्ड्यावरची बदकं

१ डिसेंबर २०१९, रविवार

आज परत एकाने उंडो टाकला पाण्यात! अख्खा पाव! ओरडायची सोय नाही. ओरडले तर बदकं उठतात. मग दात चावत जवळ गेले, त्याच्या कानात म्हटलं, "घरी पोरं उपाशी ठेवून आलायस काय?" तो हसला. मेला!

विनोदिनीबाईंनी शिकवलंय तसं सांगते सगळ्यांना. बाकड्यावर बसा, काठावर जाऊ नका, काही टाकू नका, बोलू नका. बाई डिचोलीच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता पक्षी बघत हिंडतात. पंचायतीने डोंगरावर झाडं लावली, बाग म्हटलं, आणि बाईंच्या सांगण्यावरून मला राखणीला ठेवलं. बाग कसली. खाणीचा खड्डा. खाण बंद पडली तसं पाणी साठलं, पाणी साठलं तशी रानबदकं आली. आणि खाण बंद पडली तसा खनिजाचा ट्रक उभा करून माझा नवरा, आमचा घोव, घरी बसला.

८ डिसेंबर

भांडण. घोव दर रविवारी ट्रक सुरू करतो. खनिज नाही, भाडं नाही, तरी ताडपत्री काढून अर्धा तास घरघर. आमचं घर खड्ड्याच्या खालीच. आवाज झाला की सगळी बदकं उठली, शीळ घालत गेली ती संध्याकाळपर्यंत नाही. बाई एवढ्या लांबून आलेल्या! मी म्हटलं, हिवाळाभर बंद ठेव.

"माझो ट्रक गप रवाचो, आणि तुझी बदकां सुखान पेंगाची?"

मी म्हटलं, होय. घरात कोणाच्या पगारावर जेवतोस?

बोलायला नको होतं. बोलले.

१५ डिसेंबर

ट्रक गप्प. घोव पण.

२९ डिसेंबर

बदकं वाढलीत. मी बसले की माझ्यासमोरच उतरतात, भीत नाहीत. बाईंनी त्यांची जुनी दुर्बीण मला दिली, म्हणाल्या, "बघ, तुला ओळखतात." घोवाला म्हटलं, एकदा वर ये, बघ तरी. "माका काय करूची आसत ती?" कूस बदलली. एकदाही आला नाही वर.

१४ जानेवारी

गोकुळदास आला. पंच आहे, त्याचे स्वतःचे तीन ट्रक उभे. म्हणाला, सव्वीस जानेवारी झाली की खाण परत सुरू करायची की नाही ते ठरवायला वरचे साहेब पाहणीला येणार, सत्तावीसला सकाळी. "पाण्यात सवणीं, तुजीं बदकां, दिसली जाल्यार खाण कायमची बंद, कळ्ळें मगो? तुजी गजाल आयकतात ती. उठय तांकां."

घोव दारात बसून ऐकत होता. मला वाटलं, तोही म्हणेल, उठव. तो नुसता ट्रककडे बघत राहिला. ते बघणं माझ्याने बघवेना.

२० जानेवारी

बाईंचा फोन. "पाहणी आहे ना, त्या दिवशी जास्तच शांतता ठेव हं." ठेवते म्हटलं.

झोप नाही.

२६ जानेवारी, रविवार

ठरवलं. पाण्यात बदकं पोहून आमच्या घरात काय आलं? घोवाला म्हटलं, उठ, ट्रक सुरू कर. आज, उद्या, कायमचा कर! तो धावतच गेला. कितीतरी दिवसांनी धावताना बघितला.

ट्रक सुरू होईना. बॅटरी मेलेली, आत उंदरांनी वायरी खाल्लेल्या. दर रविवारी चालवला असता तर कशाला असं झालं असतं! तो माझ्यावर ओरडला नाही. बॉनेट हळूच खाली केलं आणि ताडपत्री घातली.

२७ जानेवारी

उजाडायच्या आधी गेले. टाळ्या वाजवल्या. हलली नाहीत. ताट बडवलं. मान वर केली, माझ्याकडेच पोहत आली! मी आहे म्हणून. मग दगड मारले. मारतच राहिले. एकाला लागला. बाकीची उठली, दोन फेऱ्या मारून परत उतरू लागली, तर परत दगड. शेवटी डोंगरापलीकडे गेली. लागलेलं पंख ओढत झुडपात शिरलं. शोधलं, मिळालं नाही.

नऊ वाजले. दहा. गोकुळदास कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा. बारा वाजता त्याला फोन आला. साहेब येत नाहीत. पुढची तारीख नाही.

"जांव दी," म्हणाला आणि गेला जेवायला.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडा झाला, एकही नाही. बाईंना कळवलं नाही. रोज जाऊन बसते.

आज पाठीमागे पाचोळा वाजला. बघते तर घोव. चपला काढून हातात घेतलेल्या, आवाज होऊ नये म्हणून. माझ्या बाजूला बसला, माझ्या गळ्यातली दुर्बीण घेऊन डोळ्यांना लावली, आणि अगदी हळू, कानाजवळ येऊन विचारलं —

"खंय आसत गो ती?"