टेसची उशी

लोरीनताई,

मी धडधाकट आहे, हे आधी वाचून घे. तुझा गुडघा कसा आहे?

माझा ऑर्विल गेल्यापासून त्याच्या पिस्तुलाचा सराव मी रोज नाश्त्यानंतर करते. गोळ्या काढून स्वयंपाकघरात ठेवायच्या, नळीवर नाणं ठेवायचं आणि भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून, नाणं न पाडता चाप ओढायचा. शेवटी ऑर्विल मोठ्यानं "संपलं!" म्हणायचा. मग गोळ्या भरल्या की ठिपक्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मंगळवारी मी "संपलं" म्हटलं, गोळ्या भरल्या. पण शेवटच्या वेळी नाणं पडलं होतं, ते मनाला लागून राहिलं. म्हटलं, आणखी एकदाच.

गोळी भिंतीतून पार गेली. शेजारचा हॉइट धावत आला आणि भोक बघून हसायला लागला. "नेम झकास बसलाय, वहिनी! अहो, सगळ्यांचं एकदा होतंच असं. मी तर आमच्या फ्रिजलाच गोळी घातली होती." मागोमाग आलेली त्याची बायकोही कौतुकानं हसली. मला त्या दोघांची किळस आली, आणि त्यांच्याहून जास्त माझी. पिस्तूल कसं सांभाळावं याची एवढी पुस्तकं वाचून मी काय शिकले?

पिस्तूल कुलपात आहे आणि किल्ली चर्चच्या पाद्रीबाईंकडे.

ताई, पलीकडच्या खोलीत तुझ्या नातीसाठी मी अंथरूण घालून ठेवलं होतं. गोळी उशीतून गेली. शनिवारी टेसला पाठवायचं की नाही, ते मी सांगणार नाही. हे पत्र तिच्या आईला वाचायला दे.

तुझीच,
व्हर्ना