ताडून घेतलेली वही

१४-८-८६
ह्यांना जाऊन तीन महिने झाले. शाळेचा शिपाई सखाराम आला. चहा नको म्हणाला. "बाई, गुरुजींच्या नावानं लय बोलायलेत लोक." ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, माधवने, नोकरीसाठी दाखला मागितला. वयाची अट तीस. शाळेत मुलांची नावं घालतात ते दाखल-खारीज रजिस्टर काढलं, तर त्याचं जन्मसाल ब्लेडने खरवडून ५४ चं ५७ केलेलं. शेजारी ह्यांची सही. मास्तरांनीच वय कमी करून दिलं, असं चाललंय.

१६-८
कशात लक्ष नाही. हे मनाने मऊ. माधवला वडील नाहीत. ह्यांनी खरंच... लिहितानाही लाज वाटते.

१७-८
ट्रंक उपसली. तळाशी ती वही! विसरूनच गेले होते. दर दिवाळीच्या सुटीत हे रजिस्टर घरी आणत. वर्षाची नवी नावं मी वाचायची, हे वहीत उतरवायचे. मग उलट. हे वहीतून वाचणार, मी रजिस्टरावर बोट ठेवून ताडणार. पान झालं की खाली दोघांच्या सह्या, तारीख. भाकरी करपली की मी चिडायची. हे म्हणत, "दोघांची चूक एकाच जागी होत नसते."
माधव सापडला. १९५४. अक्षरातही चोपन्न. त्याच पानावर एक नाव मी चुकीचं वाचलेलं. त्यावर एकच आडवी रेघ, जुनं नाव वाचता येतं, शेजारी आमच्या दोघांच्या सह्या. हे खरवडत नसत.
आज पोटभर जेवले.

२१-८
तपासणीचे साहेब आले. वही नि रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं. "गुरुजींच्या प्रत्येक सहीखाली तारीख आहे. या एकीखालीच नाही. ही त्यांची सही नव्हे, बाई." पदर तोंडाला लावून आत गेले. किती हलकं वाटलं.
खरवडलं कोणी? चौकशी होईल म्हणाले. त्यांना वही न्यायची होती. म्हटलं, आधी नक्कल करते. "तुम्हीही गुरुजींसारख्याच," म्हणून हसले.

२४-८
नक्कल झाली. ताडायला दुसरं माणूस नाही.
दुपारी दारात माधव. "बाई, म्या न्हाई केलं. आईची आन."
ह्यांची वही त्याच्या हातात दिली, नक्कल माझ्यापुढे घेतली. "वाच."
ओट्यावर बसून तासभर वाचत होता. स्वतःच्या नावाशी थांबला. मी मान वर केली नाही. बोट त्या ओळीवर.
"चोपन्न," म्हणाला.
पानाखाली दोन सह्या लागतात. माझी केली, तारीख घातली, पेन पुढे केला. सही केली तर चोपन्न कबूल, नोकरी जाणार.
"आईला विचारून येतो, बाई."
त्याच्या सहीची जागा सोडली आहे.