मोतीबिंदू पिकायची वाट

आये, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी आज तुला लिहायला बसलेय. तुला अक्षर येत नव्हतं, पण गावाची बोलणी खाऊन मला चौथीपर्यंत तूच शिकवलंस. आज सकाळी महाडच्या डॉक्टरने माझा डोळा तपासला. "घरात कुणाला काचबिंदू होता का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आयेला." वेळेत आलात म्हणाला, थेंब दिलेत. 

पोलादपूरला आपल्याकडे सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: मोतीबिंदू कच्चा काढायचा नाही, पिकू द्यायचा. बोटं दिसेनाशी झाली की पिकला. म्हणून मी रोज सकाळी तुला पडवीत बसवायचे, तोंडासमोर बोटं धरायचे. "किती गो आये?" "तीन." "चुकलीस! दोन!" आणि तू चुकलीस की मला आनंद व्हायचा! काय म्हणावं या अकलेला! मधेच तुझं डोकं फुटायला यायचं, ओकाऱ्या व्हायच्या. पित्त म्हणून मी कपाळाला सुंठ उगाळून लावली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय म्हणालीस, तर मी हसले, "आता तुला देवाची प्रभावळ दिसाय लागली." ज्या दिवशी नाकासमोरचा पंजासुद्धा दिसेना, त्या दिवशी मी अख्ख्या वाडीला गूळ वाटला गो!

मग बैलगाडीने महाडला गेलो. मुंबईचा डोळ्यांचा डॉक्टर आला होता. त्याने खोलीत अंधार केला, कंदील तुझ्या गालाजवळ धरला. "आजी, उजेड कुठून येतोय?" "डाव्या बाजूनं." बरोबर! "आता?" "उजव्या." बरोबर! मी खुशीत. डॉक्टरच्या कपाळावर मात्र आठी. त्याने कंदील लांब ठेवला आणि छोट्या आरशाने उजेड तुझ्या डोळ्यांवर पाडला. "आता सांगा." तू गाल चाचपलास आणि हळूच म्हणालीस, "आता गालाला ऊब लागत नाय." त्याने पापण्यांवरून तुझे डोळे दाबून पाहिले आणि मला बाहेर नेलं. "दगडासारखे कडक झालेत. मोतीबिंदूच्या आड काचबिंदू वाढत होता. आता मोती काढला तरी अंधारच. वर्षभर आधी का नाही आणलंत?"

वर्षभर मी काय करत होते? पिकायची वाट बघत होते!

गाडीत तू विचारलंस, "काय म्हनला गो?" मी म्हटलं, "अजून कच्चा हाय म्हणाला." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पडवी, पुन्हा "किती?" तू दर वेळी "तीन" म्हणायचीस आणि मी म्हणायचे, "बरोबर! दिसतंय की तुला, म्हणजे कच्चाच." तू जाईपर्यंत हेच चाललं.

हे पत्र धाडू तरी कुठे, म्हणून तुझ्या मिसरीच्या डबीखाली ठेवतेय. पण एक कबूल करते आये. महाडहून आल्यावर मी बोटं कधी वर केलीच नाहीत. हात मांडीवरच असायचा. एकदा तू चाचपडत तो हात तिथेच धरलास, मिटलेली मूठ दोन्ही हातांत घेतलीस, आणि म्हणालीस, "तीन."