जावईबापूंचा ॲम्प्लिफायर

दि. १७ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचे गुडघे आणि माझी जीभ, दोन्ही पूर्वीसारखेच त्रास देतात. "बाबा पाकिटाबद्दल काहीच का बोलत नाहीत?" असं तू आईला फोनवर विचारलंस म्हणे. सांगतो. आधी दुसरं ऐक.

तुझा नवरा माझ्या खोलीत बसून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवतोय. हसू नकोस, मी तुझ्या वाटचं हसून घेतलंय.

तू त्याचं घर सोडून गेलीस, त्यानंतर एका रविवारी तो तुझं शिवणयंत्र आमच्याकडे पोचवायला आला. चेहरा असा, की जणू चोरीचा माल परत करतोय. फळीवरचा माझा जुना व्हॉल्व्ह बघून म्हणाला, "बाबा, हा कसला बल्ब?" रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात मी उभी हयात या 'बल्बां'ची सेवा केली! काचेच्या आत तार तापते, तिच्यातून निघालेली वीज बारीक आवाजाला मोठं करते, हे शाळकरी पोराला कळतं. विमा कंपनीतल्या साहेबांना कळत नाही. मी त्याला उभ्या उभ्या झापलं. शहाणा माणूस निघून गेला असता. हा विचारतो, "असा ॲम्प्लिफायर घरी बनवता येतो का?"

"माणसाला येतो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी साहेब तयार किट घेऊन हजर. सगळं कापून, मोजून, पुडीत घालून दिलेलं. म्हणजे दुसऱ्याने चिरलेली भाजी आपण फोडणीला टाकायची आणि स्वतःला आचारी म्हणवून घ्यायचं. मी ते खोकं परत पाठवायला लावलं. ॲल्युमिनियमचा पत्रा हातात दिला आणि सांगितलं, भोकं पाड. पहिलं भोक असं पाडलं, की उंदरानेसुद्धा लाजावं. तारा जोडायला सोल्डर लावलं की गांधीलमाशीने घर बांधल्यासारखा गोळा. ट्रान्सफॉर्मर उलटा बसवला, सुलटा केला, पुन्हा उलटा बसवला. असा ठोंब्या मी नोकरीतही पाहिला नाही, आणि तिथे वशिल्याचे पुष्कळ होते.

तुझं बरोबर आहे, तो प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणतो. सुट्टीला कुठे जायचं? बघू. घर बदलायचं? बघू. तू रडत होतीस तेव्हाही "बघू" म्हणाला असेल. या "बघू"पायी तुझी उमेदीची वर्षं गेली, हे मी विसरलेलो नाही. तुझी आई मात्र विसरली. त्याला चहात आलं घालून देते आणि मला ऐकवते, "तुम्ही ओरडता, तो ऐकून घेतो. तुम्हाला आणखी काय हवं?"

मी त्याला एकच गोष्ट घोकून घेतली. बटण बंद केलं म्हणजे वीज गेली, असं समजायचं नाही. कपॅसिटर ती पोटात धरून बसतो. आधी मीटर लावायचा, उरलेली वीज काढून टाकायची, मगच आत हात. इथे "बघू" म्हणणारा मरतो.

काल आम्ही पहिल्यांदा तो चालू केला. व्हॉल्व्ह लालसर झाले, पण स्पीकरमधून नुसती घरघर. मी बटण बंद केलं आणि म्हणालो, "तुझा एखादा गोळा सुटला असणार, सरक." आणि आत हात घातला.

त्याने माझ्या मनगटावर फाडकन मारलं. "हात काढा!" असा ओरडला, की तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. त्याने मीटर लावला. काटा दोनशे व्होल्टच्या पार गेला.

मनगट लाल झालं होतं. ज्याला ट्रान्सफॉर्मरची वरची बाजू कळत नाही, त्याने मला, माझ्याच खोलीत, माझ्या बायकोसमोर! मी उठलो, कपाटातून तुझं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे टाकलं. "हे घे. घटस्फोटाचे कागद. सही कर."

तुझी आई म्हणते, ही वेळ होती का? ती सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. तू पाकीट पाठवून किती काळ झाला, हे मला ठाऊक आहे. दर रविवारी ठरवायचो, आज देऊ. मग तो काहीतरी घोळ घालायचा आणि ओरडण्यात दुपार जायची.

त्याने कागद सावकाश वाचले. "हे तिला हवंय का तुम्हाला?"

"तिला."

तो उठला, साबणाने हात धुऊन आला आणि जिथे जिथे खूण होती तिथे सही केली. एकदाही "बघू" म्हणाला नाही. मग कपॅसिटरची वीज काढली, सुटलेला सांधा शोधला आणि पक्का केला. या खेपेला गोळा झाला नाही. पुन्हा चालू केलं तेव्हा रेडिओवर कोणीतरी बाई बाजारभाव वाचत होती. आवाज इतका स्वच्छ, की तिने मधे श्वास घेतलेला ऐकू आला. तुझी आई दारातच खाली बसली. मी म्हणालो, "खालचे स्वर कमी आहेत." कमी नव्हते.

निघताना त्याने विचारलं, "आता तुम्हाला बाबा म्हणू का नको?"

"काय म्हणायचं ते म्हण, पण रविवारी वेळेवर ये. दुसऱ्या बाजूचा स्पीकर अजून मुका आहे."

चिमणे, सह्या केलेले कागद सोबत आहेत. तू सोडलंस ते योग्यच केलंस. त्याच्याबरोबर संसार करणं मलाही जमलं नसतं, मला रविवारसुद्धा जड जातो. त्याची वकिली करायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू इथे येशील तेव्हा तो समोर नको असेल, तर रविवार सोडून ये. मी त्याला येऊ नकोस म्हणणार नाही, हे मात्र तुला माझ्याकडूनच कळावं.

आईशी तूच बोल. माझं ती ऐकत नाही.

तुझा बाप,
आणि कोर्टाचा शिक्का बसला की त्याचा कायद्याने कोणीच नसणारा