थोड्याच वेळात

४ मार्च

नोकरी लागली! या वयात, तीही गळ्याच्या जोरावर. जन्मभर मी बसस्थानकावर गाड्या पुकारत होते, मग तिथे यंत्र बसवलं आणि मला घरी बसवलं. आता काम काय, तर एका म्हाताऱ्या साहेबांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचा. साहेब आधी सैन्यात होते, नंतर मोटारींचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला. त्यामुळे ऐकायचं तेही तीनच गोष्टींचं: व्यापार, सैन्य आणि मोटारी. नजर गेली आहे. राजकारण आणि सिनेमा यांची पानं मी रद्दीत टाकली तरी चालेल म्हणाले.

खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची, समोर माझी. चहा मिळतो, तोही कपभर. त्यांच्या सुनेने एकच अट घातली: वाईट बातमी वाचायची नाही, साहेबांचं हृदय नाजूक आहे. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. रद्द झालेली गाडीसुद्धा आम्ही 'थोड्याच वेळात येत आहे' असंच पुकारायचो. लोक निदान शांत बसायचे.

६ मार्च

साहेबांच्या घरापर्यंतचा चढ चढून गुडघे बोलायला लागतात, पण काम मजेचं आहे. शेअर वधारले की साहेब 'हं' म्हणतात. सैन्याची बातमी आली की पाठ ताठ. आणि नव्या गाडीचं वर्णन सुरू झालं की उजवा पाय फरशीवर दाबतात, जशी काही तेच चालवताहेत. मी सांगितलं, माझा मुलगाही हेच करतो, कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाड्या शोरूमला पोचवतो. त्यांनी विचारलं, सावकाश चालवतो ना. मी म्हटलं, माझ्यासमोर तरी.

१० मार्च

टायरच्या एका कंपनीचा नफा वाढल्याची बातमी वाचली, तर 'हं' राहिलं बाजूलाच, साहेब डोळे पुसायला लागले. कामगारांचं वाईट वाटतं म्हणाले. नफा झाल्यावर कामगारांचं वाईट वाटणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला. वय झालं, दुसरं काय.

११ मार्च

त्याच टायर कंपनीच्या कारखान्याला काल संध्याकाळी आग लागली. आत माणसं होती. मी ती बातमी गिळली आणि साखरेचे भाव वाचले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणायचं.

१४ मार्च

हा कावळा आता रोजच बसायला लागला आहे.

परवा मी टायरमध्ये हवा किती भरावी ते वाचत होते, तर साहेबांनी मध्येच हसून टाळी वाजवली. काल पेपरात आलं की एका म्हाताऱ्या चालकाने मोटारींची शर्यत जिंकली. काल मी सैन्यातल्या बढत्यांचं वाचत होते. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आईला कळवलं का?" आज पेपरात आहे, सरावाचं हेलिकॉप्टर पडलं. वैमानिक कोवळा पोरगा होता.

सुनेला विचारलं. ती म्हणाली, सैन्यात असताना मेलेल्या जवानांच्या घरी जाऊन सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. दारात आधी टोपी काढायचे, मग बोलायचे. माझ्याआधीही वाचायला माणसं येऊन गेली म्हणे. ती का टिकली नाहीत, ते विचारल्यावर तिला दूध उतू गेल्याचं आठवलं.

मी आजचं वाचते आणि त्यांना उद्याचं ऐकू येतं.

१७ मार्च

नोकरी सोडावी म्हणते. पण पुन्हा दारोदार फिरायचं त्राण नाही. घाबरायलासुद्धा अंगात ताकद लागते.

आणि खरं सांगायचं तर मोह झाला आहे. मुलगा उद्या एकदम नव्या बनावटीची गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्याने जाणार. त्या रस्त्याने पहिल्यांदाच. त्या प्रवासाचं साहेबांना वाचून दाखवलं आणि त्यांचा पाय फरशीवर दाबला गेलेला एकदा पाहिला की मी सुखाने झोपेन.

१८ मार्च

नको ते केलं.

मुलगा सकाळीच निघाला. मी मोटारींचं पान धरून तिथे नसलेली बातमी मनाने रचून वाचली. नवी गाडी, डोंगराचा रस्ता, तरुण चालक. आवाज अगदी स्थानकावरचा ठेवला, न हलणारा.

पाय दाबला नाही. 'हं' नाही. सुनेच्या आधाराशिवाय कधी न उठणारे साहेब आपणहून उठून उभे राहिले. टोपी काढली. मी वाट पाहत होते की आता विचारतील, आईला कळवलं का.

विचारलं नाही. तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "बाई, आधी खाली बसा."

मी बसलेलीच होते.

१८ मार्च, दुपार

फोन उचलत नाही. गाडी चालवताना उचलायचा नाही, हे मीच शिकवलं आहे. डोंगरात रेंजही नसते म्हणतात—

मी वाचलं म्हणून? नसतं वाचलं तर—

शोरूमला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, गाडी थोड्याच वेळात येईल. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, त्याच सुरात. तो सूर माझा आहे. जन्मभर माझाच होता. कोणत्या गाडीसाठी लावतात, ते मला—

१८ मार्च, संध्याकाळ

फाटक वाजलं.

जाळीतून दिसताहेत. दोघं, खाकी कपड्यांतले. बेल दाबत नाहीत, एकमेकांकडे बघताहेत, कोणी बोलायचं म्हणून. मी लिहीत बसले तर कदाचित— मी दार उघडलंच नाही तर तो अजून रस्त्यातच आहे, येतोच आहे, थोड्याच—

पुढच्याने हात वर नेला. बेलकडे नाही. टोपी