मुदत संपलेली लिफ्ट

४ मार्च, सकाळी सव्वासात
सहाव्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन. जन्मजात भोक बुजवलं, अरुंद झडप मोकळी केली. आज मी सत्तेचाळीस. म्हणजे माल अस्सल. तरी बायकोचं टुमणं : अहो, शेवटचं चेकिंग लग्नाआधी झालंय, एकदा टू-डी एको करून या. चांगलं चाललेलं उकरायची काही लोकांना हौसच असते.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे. म्हणजे हिचं तोंड बंद.

५ मार्च
चाललो. कोपऱ्यापर्यंत. बुटाची लेस सुटली, ती बांधायला बाकावर पंधरा मिनिटं बसावं लागलं. हल्लीच्या लेसना काही दर्जाच नाही.

९ मार्च
ड्यूटी. मी लिफ्ट इन्स्पेक्टर. आज एका हॉस्पिटलची पाहुण्यांची लिफ्ट पकडली. सर्टिफिकेटची मुदत संपून अकरा दिवस झालेले! मॅनेजर म्हणतो, साहेब, मस्त चालतेय की, कधी कुरकुर नाही. बावळट. म्हटलं, झिजणारी वस्तू आधी सांगून झिजत नाही, म्हणून तर तारीख ठरवून तपासायची असते. सील ठोकलं. वर मशीनरूमपर्यंत चढायची गरजच पडली नाही.
माणसं इतकी बेफिकीर असतात तरी कशी?

१४ मार्च
मुलीने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. म्हणे, बाबा, तुम्ही जिन्यात थांबून फोनवर बोलता ना, तेव्हा पलीकडे कोणीच नसतं. जबाबदार माणसाला फोन येतात, हे या पिढीला कोण सांगणार?

१५ मार्च
हॉस्पिटलचा फॉर्म आला. धाप लागते का? ‘नाही’ लिहिलं. चारचौघांना लागते तेवढीच लागते. बाकीचे ती लपवतात. बायको बाजूला बसून फिदीफिदी हसली.

२१ मार्च
एको चौथ्या मजल्यावर. हॉस्पिटल तेच. लिफ्टवर सील, सीलवर माझीच सही. मॅनेजर हात जोडून हजर. म्हणे, साहेब, सील काढायचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय. बरं, मागची लिफ्ट चालू आहे, पण ती फक्त पेशंटसाठी. तुम्ही पेशंट आहात का? बाणेदारपणे म्हणालो, मुळीच नाही.
पहिल्या मजल्यावर फोन आला. दुसऱ्यावर दोन आले. काठी टेकत चढणाऱ्या एका आजींनी मला मागे टाकलं आणि वर विचारलं, बाळा, पाणी देऊ का? आगाऊ बाई. तिसऱ्यावर पायरीवर बसलो तो बसलोच.
मग स्ट्रेचर. मागची लिफ्ट. आडवं पडल्यावर भिंतीवरचं सर्टिफिकेट स्पष्ट दिसतं. मुदत बाकी होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणी मोकळी केलेली झडप आता मिटतच नाही. वर्षानुवर्षं रक्त मागे गळतंय, उजवा कप्पा फुगलाय. नवी झडप बसवायची, आणि तीही झिजते, तेव्हा दरवर्षी तपासणी. इतकी वर्षं आला का नाहीत?
तोंडातून निघून गेलं, मस्त चाललं होतं की, कधी कुरकुर नाही.
मॅनेजर दारातच उभा होता.

२२ मार्च
ऑपरेशनची तारीख मिळाली. पुन्हा तोच फॉर्म. धाप लागते का?
‘हो’ लिहिलं. बायको बाजूलाच बसली होती. हसली नाही.