मगावरचं दात उपटायचं यंत्र

तीर्थरूप मामांना,

धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि त्याला कारण तुम्ही वाढदिवसाला पाठवलेला चिनी मातीचा मग. रागावू नका. (रागावण्याचं काम सध्या मी करते आहे.)

मग सुंदर आहे, वादच नाही. पण मामा, मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते हे ठाऊक असताना जगातल्या इतक्या शोधांमधून मगावरच्या चित्राला तुम्हाला दात उपटायचं जुनं यंत्रच सापडावं? वाफेचं इंजिन होतं, शिलाई मशीन होतं, गेलाबाजार छत्री होती. तुम्ही निवडलं काय, तर खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला माणूस, त्याच्या दाढेपासून निघालेली दोरी, ती गुंडाळणारं पुरुषभर उंचीचं चाक आणि चाक फिरवणारे दोन आडदांड गडी. शिवाय प्रत्येक भागाला आकडा. दांडा एक नंबर, चाक दोन नंबर आणि पेशंट सात नंबर!

घरी दादाच्या हातून कपबशी आठवडाभर टिकत नाही, म्हणून मी मग दवाखान्यात नेला. पहिल्याच सकाळी एका व्यायामशाळेचे मास्तर आले. दंड माझ्या कमरेएवढे. मी फोनवर होते. आतलं लोखंडी कपाट हलवायला येणारा हमाल चौकशी करत होता. मास्तर मगाकडे टक लावून बघताहेत आणि मी फोनवर सांगते आहे, "हो, आतल्याच खोलीत आहे. जुनं आहे, पण भक्कम. एकट्याचं काम नाही, दोघं लागतील. आणि येताना दोरी आणा." फोन ठेवून वर बघते तो मास्तर गायब. गेले ते दवाखान्याच्या रबरी सपाता घालून. बूट दाराशीच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले एक निवृत्त टर्नर आले. (तोंडात एकही दात नाही, कवळी घासून घ्यायला येतात.) त्यांना मग भलताच आवडला. त्यांनी तो चष्मा लावून तपासला आणि बाकावरच्या चौघांना खणखणीत आवाजात समजावलं, "चित्र काढणारा चुकलाय. दोरी उलटी गुंडाळलीय. असं फिरवलं तर दाढ येणार नाही, जबडाच येईल." तिघांना एकदमच घरची कामं आठवली. चौथ्या बाईंचं निम्मं तोंड भूल देऊन बधिर केलेलं होतं, त्यांचा नाइलाज झाला.

मी मग फिरवून ठेवला, तर मागच्या अंगाला पुढचा प्रसंग! चिमट्यात बटाट्याएवढी दाढ आणि खुर्ची रिकामी. शेवटी चित्र झाकायला मी मगाला बँडेज गुंडाळलं. ही अक्कल मला कुठून सुचली देव जाणे. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी रिकामे बाक बघितले, पट्टी बांधलेला मग बघितला आणि शांतपणे म्हणाले, "उद्यापासून इथे एक तर हा राहील, नाहीतर तुम्ही."

"मामांची भेट आहे हो," मी म्हटलं.

"तुमच्या मामांचं माझ्याशी काही वैर आहे का?"

मग (हा दुसरा मग) मी मास्तरांना फोन केला. निदान बूट न्यायला तरी या म्हटलं. आले. मी त्यांना आत नेलं, दोन्ही खोल्या दाखवल्या, कपाटं उघडून दाखवली, खुर्चीखाली वाकायला लावलं. चाक नाही, दोरी नाही. एवढा मोठा माणूस हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही इथेच उभ्या राहता का?" राहिले. दाढ भरून झाली, मास्तर हसत बाहेर आले आणि व्यायामशाळेतल्या दोघांची वेळही घेऊन गेले. नोकरी वाचली. मग घरी आहे. पुढच्या वर्षी कृपा करून रुमाल पाठवा.

मामींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. तुमच्या घरासमोर एक दातांचे डॉक्टर होते, ते अजून आहेत का? माझी अक्कलदाढ पंधरा दिवस ठणकते आहे. आमच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. शनिवारी येते.

ता. क. २. तुम्ही सोबत यायचंच. दारातून मी पळायला बघेन, तेव्हा हात सोडू नका. मी रोज वीस जणांना सांगते की काही दुखत नाही. ते खरं आहे का, हे विचारायचा मला आजवर धीर झालेला नाही.